कुठलं टोक कुठलं? (प्रस्तावना)

गाडीतून इंजिन बाहेर काढणं दिसतं तितकं अवघड नाही. बॉनेट उतरवलं, रेडिएटर काढला, वरच्या तुळईला चेन ब्लॉक अडकवला आणि दोन जाणती माणसं हाताशी असली की दुपारभरात इंजिन जमिनीवर येतं. अवघड भाग त्यानंतरचा. रिकाम्या झालेल्या जागेत पंचवीस-तीस टोकं लोंबकळत असतात: रबरी नळ्या, वायरी, केबल, कपलर, अर्धवट सुटलेल्या पट्ट्या. शेजारच्या डब्यात नटबोल्टांचा ढीग असतो. बसवायच्या इंजिनालाही तितकीच टोकं असतात, पण त्यांच्या जागा वेगळ्या आणि मापंही वेगळी. काही टोकं एकमेकांत सहज बसतात, काही बसत नाहीत. काही बसतात, पण ती तशी जोडायची नसतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान तीच करतात. हे पुस्तक त्या टोकांविषयी आहे.

इंजिन बदलण्याचा विषय निघाला की बोलणं बहुतेक ताकदीवर येतं. किती सीसीचं बसवलं, चढावर गाडी कशी ओढते, लिटरला किती देते. ही उत्सुकता रास्तच आहे. पण घरी हाती घेतलेली कामं अर्ध्यावर अडकतात ती या प्रश्नांमुळे नाही. गॅरेजमागे ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाड्यांच्या मालकांना विचारून पाहावं. इंजिन आणलेलं असतं, पैसेही घालून झालेले असतात. पण काढताना कोणी काही लिहून ठेवलेलं नसतं. ज्यानं सोडलं तो कारागीर दुसऱ्या गावी गेलेला असतो, आणि समोरची काळी-पिवळी वायर कशाची हे सांगणारं कोणी उरलेलं नसतं. एखादं टोक काय काम करतं हे सोडण्याआधी ज्याला सांगता येतं, त्यालाच ते खात्रीनं परत जोडता येतं, असं माझं ठाम मत आहे. ही ओळख शिकता येते आणि शिकवताही येते, म्हणूनच ती लिहिली गेली पाहिजे.

नवख्या माणसाला उघड्या बॉनेटखाली नुसता गुंता दिसतो. पण इंजिन आणि बाकीची गाडी यांच्यात ये-जा करणाऱ्या गोष्टी मोजून सहा आहेत: इंधन, हवा, पाणी, तेल, वीज आणि हालचाल. गाडी कितीही आधुनिक असो, प्रत्येक नळी, वायर आणि केबल या सहांपैकी एका खात्यात पडते. अनोळखी टोक हातात आलं की तीन प्रश्न विचारायचे: हे कुठून येतं, कुठे जातं, आणि यातून काय वाहतं? उत्तर मिळेपर्यंत ते टोक सोडायचं नाही, आणि उत्तर मिळालं की लगेच लिहून ठेवायचं. पुस्तकाचा सगळा डोलारा या एका सवयीवर उभा आहे.

इंधनाचं खातं आधी पाहावं, कारण तिथली चूक आग लावते. टाकीकडून पेट्रोल आणणारी, उरलेलं टाकीत परत नेणारी आणि पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्याकडे नेणारी, अशा तीन नळ्या अनेक गाड्यांत शेजारी शेजारी धावतात. त्या दिसतातही जवळजवळ सारख्या. कार्बोरेटरच्या गाडीतला पंप साधारण पाव बार दाबानं पेट्रोल देतो. इंजेक्शनच्या इंजिनाला तीन बारच्या आसपास दाब लागतो, म्हणजे दहा-बारा पट. जुन्या गाडीतली नळी नव्या इंजिनाच्या तोंडावर घट्ट बसते, क्लिपही आवळली जाते, आणि म्हणून काम झालं असं वाटतं. ती नळी त्या दाबासाठी बनवलेलीच नसते. तापलेल्या मॅनिफोल्डशेजारी ती फुटली तर काय होईल हे सांगायला नको.

हवेच्या खात्यात एअर फिल्टरपासून सायलेन्सरपर्यंतचा मार्ग येतो, तसाच व्हॅक्यूमचाही. इनटेक मॅनिफोल्डपासून ब्रेक बूस्टरकडे जाणारी जाड नळी यात सर्वांत महत्त्वाची. तिच्यात एकाच दिशेनं हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो आणि तो उलटा बसवला तर ब्रेक दगडासारखा कडक होतो. पाण्याच्या खात्यात रेडिएटरच्या दोन नळ्या, हीटरच्या दोन आणि थर्मोस्टॅटची जागा एवढं सांभाळलं आणि भरताना अडकलेली हवा काढून टाकली की निभावतं. तेलाचं खातं सर्वांत छोटं, पण त्यातला प्रेशर स्विच जोडायचा राहिला तर डॅशबोर्डवरचा लाल दिवा गप्प बसतो आणि इंजिन बेअरिंग खाऊन मोकळं होतं.

हालचालीच्या खात्यात अ‍ॅक्सिलरेटर, क्लच आणि गिअरबॉक्स येतात. इथला एक नियम प्रत्येकानं पाठ करावा: क्लच प्लेटच्या मधल्या खाचा गिअरबॉक्सच्या शाफ्टशी जुळल्या पाहिजेत आणि प्रेशर प्लेट इंजिनाच्या फ्लायव्हीलशी. म्हणजे एकाच क्लचचं माप दोन वेगळ्या गाड्यांकडून घ्यावं लागतं. दुकानात जाऊन 'अमुक गाडीचा क्लच द्या' म्हणणारा माणूस हमखास दुसरी फेरी मारतो.

विजेच्या खात्यातली एक चूक तपशिलानं सांगण्यासारखी आहे. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसतं, त्यामुळे विजेच्या दृष्टीनं ते बॉडीपासून तुटलेलं असतं. बॅटरीचा अर्थ बॉडीवर घेतलेला असेल, तर बॉडीपासून इंजिनापर्यंत एक जाड विणलेली पट्टी लागते. ही पट्टी काढताना कोणाच्या लक्षात राहत नाही, कारण ती दिसायला एखाद्या टाकाऊ चिंधीसारखी असते. ती राहिली आणि चावी फिरवली की सेल्फला लागणारा शंभराहून जास्त अँपिअरचा प्रवाह परतीची वाट शोधतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारं दुसरं धातूचं काय उरलं? अ‍ॅक्सिलरेटरची नाहीतर क्लचची केबल. बोटाएवढ्या जाडीच्या पट्टीचं काम त्या बारीक तारेवर पडतं. केबल तापते, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळतं, केबल अडकते. मालक केबल बदलतो आणि नवी केबलही जळते. दोष केबलचा नसतोच. एक पट्टी आणि दोन बोल्ट एवढ्यानं हा प्रश्न मिटतो, पण त्यासाठी ती चिंधी कशासाठी होती हे माहीत असावं लागतं.

या विद्येला इतिहास आहे आणि तो वाचकाला माहीत असलेला बरा, कारण आजच्या पद्धती त्यातूनच आल्या आहेत. १९३२ साली फोर्डनं अमेरिकेत सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-८ इंजिन आणलं. पुढे अपघातात सापडलेल्या गाड्यांतून ती इंजिनं स्वस्तात मिळू लागली. दक्षिण कॅलिफोर्नियातली तरुण मंडळी ती जुन्या, हलक्या फोर्डमध्ये बसवून म्युरॉकसारख्या कोरड्या तलावांच्या सपाटीवर पळवू लागली. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांची संघटना झाली आणि जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' मासिक सुरू झालं. तोवर कुठल्या इंजिनामागे कुठला गिअरबॉक्स बसतो, ही माहिती एका अंगणातून दुसऱ्या अंगणात तोंडी फिरत होती. ती छापली जाऊ लागली आणि शंभर मैलांवरच्या अनोळखी माणसालाही ती मिळू लागली.

१९५५ मध्ये शेवरलेचं २६५ घनइंचाचं स्मॉल ब्लॉक आलं. हलकं, आटोपशीर आणि भरपूर संख्येनं बनलेलं हे इंजिन अमेरिकेत जवळपास कशातही बसवलं गेलं. त्याचं मोठं कारण साधं होतं. गिअरबॉक्सला जोडणाऱ्या बोल्टांची मांडणी कंपनीनं पिढ्यानपिढ्या बदलली नाही. १९९७ मध्ये कॉर्व्हेटमधून एलएस मालिकेचं नवं इंजिन आलं, तेव्हाही ती मांडणी एखाद्या बोल्टाचा फरक सोडता तशीच राहिली. फायरिंग ऑर्डर मात्र बदलली: जुन्यात १-८-४-३-६-५-७-२, नव्यात १-८-७-२-६-५-४-३. बोल्ट जुळले म्हणून इंजिन जुळलं असं मानू नये, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

इंग्लंडच्या गाड्यांत याच वृत्तीला वेगळं वळण लागलं. १९६२ मध्ये कॅरोल शेल्बीनं एसी कंपनीच्या छोट्या ब्रिटिश गाडीत फोर्डचं व्ही-८ घातलं आणि कोब्रा जन्मली. केन कॉस्टेलोनं एमजीबीमध्ये रोव्हरचं ३,५२८ सीसीचं अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-८ बसवून दाखवलं आणि १९७३ मध्ये खुद्द कंपनीनंच तशी गाडी बाजारात आणली. एमजीबीचं मूळ इंजिन बीएमसीच्या बी-सिरीज घराण्यातलं होतं. त्याच घराण्यातलं १,४८९ सीसीचं धाकटं इंजिन आपल्या अँबॅसडरमध्ये कित्येक वर्षं धावलं.

आणखी एक इंग्रज इथे आठवावा लागेल तो जॉन हेन्स. १९६५ मध्ये एडनला हवाई दलात असताना एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट दुरुस्त करायला त्यानं मदत केली. कंपनीचं मॅन्युअल जाणत्या कारागिरासाठी लिहिलेलं होतं, घरी काम करणाऱ्याला त्याचा उपयोग होईना. मग इंजिन सोडताना आणि जोडताना त्यांनी पायरीपायरीनं फोटो काढले. १९६६ मध्ये त्यातून पहिलं हेन्स मॅन्युअल निघालं. स्वतः गाडी पूर्ण सोडून, पुन्हा जोडून मगच लिहायचं, ही त्याची अट होती. घरच्या दुरुस्तीचं आजचं सगळं लिखाण या अटीचं ऋणी आहे.

आपल्याकडे इंजिन बदलण्याची कला शौकापेक्षा गरजेतून वाढली, आणि तिचे धडे कारखान्यांनीच घालून दिले. आयातीवर निर्बंध होते, नवी इंजिनं घडवायला पैसा नव्हता, तेव्हा एकाची बॉडी आणि दुसऱ्याचं इंजिन हा रस्ता उरला. १९८५ मध्ये आलेल्या स्टँडर्ड २००० ची बॉडी रोव्हर एसडी१ची होती आणि आत व्हॅनगार्डच्या काळातलं १,९९१ सीसीचं इंजिन होतं. त्याच सुमारास प्रीमियरनं ११८ एनई आणली. तिची बॉडी फियाट १२४च्या घराण्यातली आणि इंजिन निस्सानचं ए१२, १,१७१ सीसी. काँटेसाची बॉडी व्हॉक्सहॉलची. तिच्यात आधी अँबॅसडरचं इंजिन होतं, मग इसुझूचं १.८ लिटरचं आलं. पुढे तेच इसुझू अँबॅसडरमध्येही बसलं. या गाड्यांवर हात बसलेल्या मेकॅनिकांना बॉडी आणि इंजिन वेगवेगळ्या घरचं असू शकतं हे सांगावं लागलं नाही.

रस्त्यावरच्या गॅरेजांनी हा धडा आणखी पुढे नेला. महिंद्राच्या जुन्या जीप पेट्रोलवर चालत. पेट्रोल परवडेनासं झालं तसं त्यांत डिझेल बसू लागलं: कधी ट्रॅक्टरचं, कधी पेजोचं, कधी आकुर्डीला बनणाऱ्या मॅटाडोरचं. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारातून इंजिन आणावं, पुण्यात नाना पेठेत सुटे भाग शोधावेत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात अ‍ॅडॅप्टर प्लेट कातून घ्यावी, असा हा सगळा व्यवहार चाले आणि अजूनही चालतो. त्या कारागिरांनी जे जमवलं ते कुठल्याही परदेशी किटच्या तोडीचं होतं. उणीव एकच राहिली. त्यातलं जवळपास काहीच लिहिलं गेलं नाही. उस्ताद निवृत्त झाला की त्याच्यासोबत पन्नास गाड्यांच्या जोडण्या विस्मृतीत जातात आणि पुढचा मुलगा पहिल्यापासून चाचपडत शिकतो.

आज या क्षेत्रात पाहिलं तर तीन पंथ ठळक दिसतात. पहिला पंथ भाऊबंदांतलं इंजिन शोधतो: त्याच कंपनीचं, त्याच घराण्यातलं, थोडं नवं किंवा थोडं मोठं. होंडा सिव्हिकची मंडळी जगभर हेच करतात आणि आपल्याकडे जिप्सीवाले. दुसरा पंथ परक्या घरचं इंजिन आणतो आणि अ‍ॅडॅप्टर प्लेट, नवी फाउंडेशन, कापून जोडलेला प्रोपेलर शाफ्ट यांच्या बळावर ते बसवतो. तिसरा पंथ अलीकडचा. तो इंजिनच काढून टाकतो आणि बॅटरी-मोटर बसवतो.

जोडणीच्या बाबतीतही मतं वेगळी आहेत. काही जण नव्या इंजिनाची वायरिंग आणि ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) अखंड उचलून आणतात आणि जुन्या गाडीला मोजक्या ठिकाणी जोडतात: बॅटरी, इग्निशन, सेल्फ, पेट्रोल पंप, मीटर आणि अर्थ. काही जण इंजेक्शन काढून कार्बोरेटर चढवतात आणि जुनी वायरिंग तशीच ठेवतात. काही जण मेगास्क्वर्टसारखा स्वतंत्र ईसीएम लावून सगळं नव्यानं आखतात. पहिल्या मार्गाला चिकाटी लागते, दुसऱ्यात इंजिनाची निम्मी गुणवत्ता वाया जाते आणि तिसऱ्यासाठी ट्यूनिंगचं ज्ञान हवं. घरी पहिल्यांदा हे काम करणाऱ्यानं पहिला मार्ग धरावा, हे या पुस्तकाच्या लेखकांचं मत मला पटतं.

चिठ्ठ्या लावण्याबद्दलही असाच वाद आहे. बरेच जण प्रत्येक टोकावर मास्किंग टेप गुंडाळून 'डावीकडचं वरचं', 'कार्बोरेटरच्या मागचं' असं लिहितात. तेच इंजिन परत बसवायचं असेल तर एवढं पुरतं. पण इंजिन बदलायचं असेल तर 'कार्बोरेटरच्या मागचं' या चिठ्ठीचा उपयोग शून्य, कारण नव्या इंजिनाला कार्बोरेटरच नाही. चिठ्ठीवर जागेऐवजी काम लिहायला हवं: 'तापमान, डॅशबोर्डच्या काट्याकडे', 'चावी चालू असताना १२ व्होल्ट', 'टाकीकडे परत'. या पुस्तकातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला सल्ला हाच आहे.

तापमानाचंच उदाहरण घ्या. इंजेक्शनच्या अनेक इंजिनांवर पाण्याचं तापमान मोजणारी दोन पितळी बोंडं जवळजवळ असतात. एकाला एकच वायर, ती डॅशबोर्डच्या काट्याकडे जाते. दुसऱ्याला दोन वायरी, त्या ईसीएमकडे. कपलर नसेल आणि कोणी सुट्ट्या वायरी अंदाजानं जोडल्या तर काटा भलतंच दाखवतो. ईसीएमला इंजिन कायम थंड आहे असं वाटत राहिलं, तर ते पेट्रोल ओतत राहतं. मालक महिनाभर इंजेक्टर साफ करत बसतो. मल्टीमीटर घेऊन दोन्ही बोंडं पाच मिनिटं तपासली असती तर तो महिना वाचला असता.

जुन्या इंजिनांचीही अशीच एक ठरलेली फसगत आहे. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गॅरेजमधला डेल्को, बसवताना पुलीवरची खूण जुळवतात. पण चार स्ट्रोकच्या इंजिनात एका चक्रात क्रँक दोनदा फिरतो, म्हणून ती खूण दोनदा जुळते. एकदा पहिला पिस्टन दाब देऊन वर आलेला असतो आणि एकदा धूर बाहेर ढकलून. दुसऱ्या वेळी डेल्को बसवला तर सगळं अगदी बरोबर दिसतं, पण इंजिन सुरू होत नाही. कार्बोरेटरमधून फटाका फुटतो, नाहीतर सेल्फ नुसता फिरत राहतो. उपाय जुना आहे: पहिला प्लग काढायचा, भोकावर बोट ठेवायचं आणि इंजिन हातानं फिरवायचं. बोट बाहेर ढकललं जाऊ लागलं की खूण जुळवायची. एकही भाग विकत घ्यावा लागत नाही.

ओळख सोपी करणारी सार्वजनिक साधनंही आहेत, फक्त ती घरच्या कारागिरापर्यंत पोचलेली नाहीत. जर्मन मानक डीआयएन ७२५५२ प्रमाणे रिले आणि स्विचवर आकडे असतात. ३० म्हणजे थेट बॅटरी, १५ म्हणजे चावीनंतरची वीज, ३१ म्हणजे अर्थ, ५० म्हणजे सेल्फ. रिलेच्या ८५ आणि ८६ या पायांमध्ये कॉईल असते आणि ८७ मधून वीज पुढे जाते. ब्रिटिश परंपरेच्या गाड्यांत रंग बोलतात: तपकिरी म्हणजे कायम बॅटरी, पांढरा म्हणजे चावीनंतर, हिरवा म्हणजे चावी आणि फ्यूज या दोन्हींनंतर, काळा म्हणजे अर्थ. जपानी गाड्यांचे रंगसंकेत वेगळे, म्हणून रंगावर विसंबण्याआधी गाडीचं घराणं पाहावं आणि शेवटचा शब्द मल्टीमीटरचा मानावा. अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचं झालेलं ओबीडी-२ चं सोळा पायांचं सॉकेट आपल्याकडेही भारत स्टेज ४ च्या काळात रुळलं. त्यातला चौथा पाय बॉडीचा अर्थ आणि सोळावा बॅटरी, हे दोन जोडले की स्कॅनर निदान जागा तरी होतो.

हे सगळं आज लिहिण्याची गरज का आहे? पहिलं कारण, इलेक्ट्रॉनिक्सनं जोडण्या झाकून टाकल्या आहेत. चावीतली चिप ओळखल्याशिवाय ईसीएम इंजिन सुरू होऊ देत नाही, म्हणून दाता गाडीकडून इंजिनाबरोबर चावी आणि इमोबिलायझरचं युनिटही आणावं लागतं. भंगारवाल्याकडून हे वेगळं मागून घेतलं नाही तर नंतर ते मिळत नाही. शोरूममध्ये दोष शोधण्याऐवजी अख्खा भाग बदलण्याची रीत पडली आहे, आणि त्यामुळे कामाच्या अंगानं गाडी समजून घेणारी माणसं कमी होत चालली आहेत.

दुसरं कारण कायद्याचं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत आणि आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवर कोरलेला नंबर एकच असावा लागतो. त्याच जातीचं, त्याच इंधनाचं इंजिन बसवून आरटीओत नोंद करून घेण्याची वाट तुलनेनं सरळ आहे. इंधन बदललं की मान्यताप्राप्त किट आणि चाचणीचा प्रश्न येतो. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा ही अट घातली. म्हणून जुन्या गाडीचं मूळ इंजिन कधीही विकू नये आणि कापाकापी टाळून परत उलटवता येईल असंच काम करावं. लेखकांनी हा आग्रह जागोजागी धरला आहे आणि आरटीओचा विषय इंजिन विकत घेण्याच्या आधी ठेवला आहे. ते योग्यच झालं.

तिसरं कारण पुढचं आहे. जुन्या गाड्यांत मोटर बसवणारे लोक वाढत आहेत आणि त्यांना ही सहा खाती तितकीच लागतात. इंजिन गेलं की मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम गेला, म्हणजे ब्रेक बूस्टरसाठी विजेवरचा व्हॅक्यूम पंप हवा. अल्टरनेटर गेला, म्हणजे बारा व्होल्टची बॅटरी भरायला डीसी-डीसी कन्व्हर्टर हवा. गरम पाणी गेलं, म्हणजे काच पुसायला वेगळा हीटर हवा. इंजिन आपल्याला काय काय पुरवत होतं याची यादी ज्याच्याकडे नाही, त्याची गाडी धावेल, पण थांबेल याची हमी नाही.

मराठीत यंत्रावर लिहिण्याची परंपरा नवी नाही. १९२० साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' निघालं, तेव्हापासून कारखाना आणि मराठी वाचक यांची ओळख आहे. पण मोटारगाडीच्या आत हात घालून लिहिलेली मराठी पुस्तकं फार थोडी. आयटीआयत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम करणारा मुलगा संज्ञा इंग्रजीतून पाठ करतो आणि काम बघून शिकतो. या दोहोंच्या मधलं स्पष्टीकरण त्याच्या भाषेत त्याला क्वचितच मिळतं. लेखकांनी सेल्फ, डेल्को, फाउंडेशन, कपलर हे दुकानाच्या काउंटरवरचे शब्द तसेच ठेवले आहेत, म्हणून पुस्तक वाचून वाचक थेट बाजारात जाऊ शकतो.

सगळ्या गाड्यांची जंत्री देण्याचा मोह पुस्तकानं टाळला आहे. कार्बोरेटरची जिप्सी आणि तिच्यात एस्टीमचं १.३ लिटरचं एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनचं, इंजिन, हे एकच काम शेवटपर्यंत उदाहरणासाठी धरलं आहे. ही निवड विचारपूर्वक आहे. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या एकाच घराण्यातली, आणि खुद्द कंपनीनंही जिप्सीला पुढे या घराण्याचं इंजेक्शनचं इंजिन दिलं. पण एस्टीमचं इंजिन गाडीत आडवं बसतं आणि जिप्सीचं उभं. त्यामुळे संप, तेल ओढणारी जाळी, मॅनिफोल्डची तोंडं, नळ्यांच्या दिशा, सगळ्यांचा पुन्हा विचार करावा लागतो. भावंडांतसुद्धा काय जुळतं आणि काय जुळत नाही हे इथे एका नजरेत दिसतं. बाकीच्या गाड्यांसाठी रीत तीच वापरायची आहे. तयार उत्तरं मागणाऱ्याची थोडी निराशा होईल, पण रीत शिकलेल्याला पुढच्या गाडीसाठी दुसरं पुस्तक लागणार नाही.

सुरक्षेबद्दल लेखक कडक आहेत आणि मी त्यांच्याही पुढे जाईन. बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडल्याशिवाय एकही वायर हलवू नये. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा दाब सोडल्याशिवाय नळी काढू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली, घोड्या लावल्याशिवाय, कोणीही जाऊ नये. टांगलेल्या इंजिनाखाली हात घालू नये. घरच्या कामात घाई करणारा मालक आपण स्वतःच असतो, म्हणून ती घाई रोखण्याची जबाबदारीही आपलीच.

वाचकांना माझी विनंती आहे की पाना उचलण्याआधी हे पुस्तक आपल्या चालू गाडीच्या उघड्या बॉनेटसमोर उभं राहून वाचावं. वहीत सहा रकाने आखावेत आणि दिसेल ते प्रत्येक टोक त्यांतल्या एकात लिहावं. जी लिहिता येणार नाहीत तेवढीच पुस्तकात शोधावीत. काम पुरं झाल्यावर ती वही नीट उतरवून काढावी आणि एक प्रत गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावी: कुठली वायर कुठे जोडली, कुठली नळी बदलली, कुठला फ्यूज नवा, संप कुठल्या गाडीचा. ती गाडी उद्या दुसऱ्याच्या हातात जाणार आहे, आणि तिचं बॉनेट उघडणाऱ्या अनोळखी मेकॅनिकला ही माहिती देणं हे आपलं कामच आहे. आपल्या उस्तादांना जे लिहून ठेवता आलं नाही, ते लिहून ठेवण्याची सोय आणि सवड आज आपल्याकडे आहे. हे पुस्तक वाचणाऱ्यांपैकी थोड्यांनी जरी अशी वही ठेवली, तरी मराठीत या विषयाचं पुढचं पुस्तक लिहिणाऱ्याला सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही.